राष्ट्रीय महामार्ग ६६ की सागरी मार्ग?

मुंबईहून मालवणला जायचे आणि हाताशी एकच दिवस असेल, तर पनवेल, महाड, चिपळूण, कणकवली या गावांवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ धरावा. कशेडीच्या बोगद्यामुळे तिथली अवघड वळणे आता टळतात. मात्र या वाटेवर समुद्राचे दर्शन जवळजवळ होतच नाही.

रेवस ते रेडी हा सागरी मार्ग खाड्यांनी तोडलेला असल्यामुळे आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा ठिकाणी गाडी फेरीबोटीत चढवावी लागते. बोटीची वाट पाहण्यात वेळ जातो, पण लोखंडी फळी खडखडत धक्क्यावर टेकते आणि खाडीचा खारट वारा काचेतून आत येतो, तेव्हा तो वेळ मला कधीच वाया गेलेला वाटला नाही. गणपतीपुळ्याहून रत्नागिरीकडे येताना आरे-वारेच्या चढावर तर गाडी थांबवावीच, कारण खाली सुरूच्या बनापलीकडे दोन किनारे एकाच नजरेत मावतात.

रस्ता अरुंद आहे, पेट्रोलपंप दूरदूर आहेत, म्हणून रात्रीचा प्रवास टाळावा. पावसाळ्यात मात्र, फेरीसेवेचा भरवसा नसल्याने, मी महामार्गच निवडेन. एरवी तीन दिवस मोकळे काढून किनाऱ्यानेच जाईन.