मागचा डिरेलर क्लॅरिसचा, बाकी सायकल कुणाची?

पहिली रोड बाइक घ्यायला आलेल्या माणसाला दुकानदार सगळ्यात आधी मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना साखळी एका दातेरी चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, दाखवतो. त्यावर ‘शिमानो क्लॅरिस’ असं ठळक लिहिलेलं असतं. बोट ठेवून तो म्हणतो, ‘बघा, क्लॅरिस आहे.’ तेवढ्यापुरतं ते खरंही असतं. पुण्यातल्या एका दुकानानं मला ४६ हजारांना विकलेल्या सायकलीत क्लॅरिसचा तेवढा एकच भाग होता.

ज्यांनी अजून रोड बाइक घेतलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. शिमानो या गिअर बनवणाऱ्या कंपनीच्या रोड गिअरमध्ये सगळ्यात खाली टूर्नी, त्यावर क्लॅरिस, मग सोरा, टियाग्रा, १०५, अल्टेग्रा आणि ड्युरा-एस. टूर्नीला मागे ७ चकत्या, क्लॅरिसला ८, सोराला ९, टियाग्राला १०. ‘पहिली घेतेयस ना, मग निदान क्लॅरिस तरी घे,’ असं मला प्रत्येकानं सांगितलं होतं. सल्ला चुकीचा नव्हता, पण दुकानदारांनाही तो पाठ आहे. गिऱ्हाईक हा एकच शब्द शोधत येतं, तर तो एका ठिकाणी दिसला की त्यांचं काम होतं.

आणि ही जोडाजोड चालतेही. ७, ८ आणि ९ स्पीडच्या रोड गिअरमध्ये शिमानोच्या मागच्या डिरेलरची केबल खेचण्याची पद्धत सारखीच आहे. त्यामुळे टूर्नीच्या शिफ्टरला, म्हणजे हँडलवरच्या गिअर बदलायच्या खटक्याला, क्लॅरिसचा डिरेलर जोडला तरी गिअर बिनबोभाट पडतात. दुकानाबाहेर एक चक्कर मारून काहीही कळत नाही.

घेण्याआधी मी व्हॉट्सॲपवर सगळी माहिती लेखी मागवली होती. उत्तर आलं : क्लॅरिस ग्रुपसेट (म्हणजे गिअर-ब्रेकचा सगळा संच), १६ गिअर, कार्बन फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन पाय), वजन साडेनऊ किलो. दुकानात मात्र घाई. ‘मॅडम, या रेंजमध्ये कार्बन फोर्क कुणी देत नाही. शेवटचा पीस आहे, संध्याकाळी एक जण येतोय.’ वर, बिल नको असेल तर जीएसटी वाचेल, अशी सोय. तेव्हा सायकलीवर १२ टक्के जीएसटी होता (सप्टेंबर २०२५पासून तो ५ टक्के झालाय), म्हणजे मोह पडावा एवढी रक्कम होती. मी बिल घेतलंच. बिलावर लिहिलं होतं : रोड बाइक, १ नग. बस.

खडकवासल्यापर्यंतच्या सपाट रस्त्यावर सगळं छान वाटलं. खरं काय ते बोपदेव घाटानं दाखवलं. उतारावर हात ड्रॉपमध्ये, म्हणजे हँडलच्या खालच्या वाकलेल्या भागात होते आणि गिअर बदलायला अंगठा पोचेना. माझ्या शिफ्टरला आतल्या बाजूनं, वरच्या अंगाला एक छोटं बटण होतं. खालून ते दाबताच येत नाही. बरोबरचा जुना सायकलस्वार थांबून म्हणाला, ‘अगं, क्लॅरिसला असं बटण नसतं.’ क्लॅरिसच्या ब्रेक लिव्हरच्या मागे दुसरी छोटी पट्टी असते आणि ती वरून आणि खालून, दोन्हीकडून बोटाला लागते. अंगठ्याचं बटण टूर्नीचं. मग आम्ही रस्त्याच्या कडेला मागच्या चकत्या मोजल्या. सात भरल्या. पुढच्या दोन धरून १४ गिअर.

पुढे मागच्या चाकाला आउट आला, म्हणजे ते डुलायला लागलं. तारा कसून झाल्या, चाक सरळ झालं आणि पुन्हा डुलायला लागलं. कोथरूडमधल्या एका जुन्या मिस्त्रींनी चाक काढलं आणि वाकलेला एक्सल, म्हणजे चाकाचा आस, माझ्या हातात ठेवला. ‘ताई, ही कॅसेट नाही, फ्रीव्हील आहे.’ फ्रीव्हील म्हणजे चकत्यांचा गठ्ठा हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, आट्यांनी बसवलेला असतो. त्यात उजवीकडचं बेअरिंग खूप आत राहतं आणि एक्सलचं टोक बाहेर आधाराशिवाय लोंबतं. खड्ड्यात वजन पडलं की ते वाकतं. कॅसेटच्या हबमध्ये बेअरिंग पार फ्रेमजवळ असतं, म्हणून ती रोड बाइकला हवी. पुण्याच्या रस्त्यांवर हा फरक पुस्तकातला राहत नाही.

मग त्यांनी खिशातून स्क्रू उचलायचं चुंबक काढून फोर्कला लावलं. टक्कन चिकटलं. कार्बनला चुंबक चिकटत नाही, अॅल्युमिनियमलाही नाही. काळ्या विणीचं ते सुंदर कार्बन म्हणजे लोखंडी फोर्कवरचं स्टिकर होतं, वर लॅकरचा हात मारलेला. विमानाच्या बॅगा तोलायच्या काट्याला सायकल टांगली तर पावणेतेरा किलो.

साइजची गंमत आणखी वेगळी. माझी उंची पाच फूट तीन इंच, मला ४८ किंवा फार तर ५० सेंटीमीटरची फ्रेम लागते. दिलेली होती ५४. ‘फ्री फिटिंग’ या नावाखाली सीट पार खाली आणि पुढे सरकवली होती, हँडल फ्रेमला जोडणारा स्टेम आखूड टाकला होता. उभ्या उभ्या बसून बघितलं तर ठीक वाटतं. तासाभरानं मान आखडते आणि तळहात बधिर होतात. सीट वर-खाली करता येते, फ्रेमची लांबी कोणी कमी करू शकत नाही. दुकानात हवी ती साइज नसेल तर मागवून द्यायला सांगा; ‘ॲडजस्ट होतं’ हे उत्तर आलं की निघा.

टूर्नी वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. लोखंडी फोर्कही वाईट नाही, खड्ड्यांत उलट बरा. पंचवीस-सत्तावीस हजारांत खरं सांगून हीच सायकल योग्य साइजमध्ये दिली असती तर मी आनंदानं चालवली असती. चांगल्या कंपन्याही ब्रेक किंवा क्रँक (पेडलचे दांडे) दुसऱ्याचे लावतात, पण तसं त्यांच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. म्हणून शिफ्टर, पुढचा डिरेलर, क्रँक, ब्रेक, मागच्या चकत्या असं सगळं वेगवेगळं बघा, कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेलशी ताडून बघा आणि मॉडेल, साइज, ग्रुपसेट हे सगळं बिलावर लिहून घ्या. सोबत फ्रेम नंबर. तो बहुधा पेडलच्या मधल्या नळीखाली कोरलेला असतो.

सायकल परत घ्या म्हटल्यावर दुकानदाराचं पहिलं उत्तर ठरलेलं होतं : ‘बिलावर क्लॅरिस कुठंय?’ दुसरं, ‘वापरलेली सायकल आहे, निम्म्या किमतीत घेऊ.’ इथं व्हॉट्सॲप कामाला आलं. तो मेसेज, चुंबक चिकटलेल्या फोर्कचा आणि चकत्यांचा फोटो, मिस्त्रींनी लिहून दिलेला कागद, एवढं घेऊन आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथून दुकानाला विचारणा गेली, पण ते हलले नाहीत. मग जिल्हा ग्राहक आयोगाची तयारी केली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं फी नाही, वकील सक्तीचा नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. हे मात्र दुकानाकडून घेतलेल्या मालाला लागू. ऑनलाइन जाहिरात बघून एखाद्याची वापरलेली सायकल घेतली तर हा रस्ता मिळत नाही. तिथं चुंबक आणि चेनची झीज मोजायची पट्टी खिशात ठेवूनच जा.

तक्रारीचा मसुदा दुकानाला पाठवल्यावर फोन आला. ४६ पैकी ४१ हजार परत मिळाले. बाकीचे ‘वापराचे’ म्हणून कापले. भांडायचं त्राण नव्हतं, मी घेतले.

सायकल त्यांनी ठेवून घेतली, म्हणजे ती पुन्हा विकली जाणार. काळ्या रंगावर लाल पट्टे, ५४ ची फ्रेम, आखूड स्टेम आणि मागे सात चकत्या. अशी सायकल ‘क्लॅरिस’ म्हणून समोर आली तर फोर्कला आधी चुंबक लावून बघा. मिस्त्रींनी तपासायला फोर्कच्या डाव्या पायावरचं स्टिकर खालच्या टोकाला नखभर सोलून ठेवलंय.