ओट्सचं पीठ की बदामाचं? न भाजता खायच्या कुकी डोसाठी कोणतं घ्यावं

कुकीज करताना भांड्याच्या कडेला चिकटलेला डो, म्हणजे कुकीचं न भाजलेलं मळलेलं पीठ, बोटाने निपटून खायची ज्यांना सवय आहे, त्यांना त्याची चव वेगळी सांगायला नको. भाजलेली कुकी मलाही आवडते. पण गार, मऊ, किंचित खारट आणि मध्येच चॉकलेटचा कडक तुकडा दाताखाली येणारा डो मला त्याहून जास्त आवडतो. म्हणून गेली काही वर्षं मी तो भाजण्यासाठी करतच नाही, खाण्यासाठीच करतो. लोणी, ब्राउन शुगर, व्हॅनिला, मीठ हे सगळं जवळजवळ ठरलेलं असतं. अडतं ते पिठापाशी.

अंड्याचा धोका बहुतेकांना माहीत असतो. अंडं सरळ वगळावं. ते भाजताना कुकी बांधून धरण्यासाठी असतं, आणि आपण भाजणारच नाही. त्याच्या जागी चमचा-दोन चमचे दूध पुरतं. सोडाही नको. न भाजलेल्या डोमध्ये त्याचं काहीच काम नसतं, फक्त साबणासारखी चव मागे राहते.

मैद्याचा धोका मात्र अजून बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. गहू शेतातून गिरणीत जातो, गिरणीतून पाकिटात येतो, आणि या सगळ्या वाटेवर जंतू मरतील असा टप्पा साधारणपणे कुठेच नसतो. मैदा कितीही पांढराशुभ्र आणि कोरडा दिसला तरी तो कच्चाच असतो. 2016 मध्ये अमेरिकेत पिठातून पसरलेल्या ई. कोलाय या जंतूमुळे 24 राज्यांत 63 जण आजारी पडले होते. त्याआधी 2009 मध्ये दुकानात मिळणाऱ्या तयार कुकी डोमुळे अशीच साथ आली होती, आणि तेव्हाही संशय पिठाकडेच गेला होता.

यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे मैदा घरीच ओव्हनमध्ये किंवा कढईत भाजून घ्यायचा. सुरुवातीला मीही तेच करत होतो. थर्मामीटर खुपसून पाहायचो. मधोमध एक आकडा यायचा, कडेला दुसरा, आणि तळाशी मैदा तांबूस व्हायला लागलेला असायचा. 74 अंश सेल्सिअस आलं की झालं, असं मी धरून चाललो होतो. पण हा आकडा मांसासारख्या ओल्या पदार्थांसाठीचा आहे. कोरड्या पिठात पाणी नसल्यामुळे साल्मोनेलासारखे जंतू उष्णतेला कितीतरी जास्त वेळ दाद देत नाहीत. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन तर घरी पीठ भाजून ते सुरक्षित करायच्या भानगडीत पडू नका, असंच सांगतं. त्या काळात आमच्या घरी कोणी आजारी पडलं नाही हे खरं, पण तो पुरावा नव्हे. शिवाय मैदा भाजला की त्याला भाजका वास लागतो, आणि ज्या कच्च्या, दुधाळ चवीसाठी सगळा खटाटोप, तीच हरवते. मी तो नाद सोडला आहे आणि तुम्हालाही तेच सांगेन.

कारखान्यात उष्णतेची प्रक्रिया केलेला, 'न शिजवता खाण्यास योग्य' असं पाकिटावर स्पष्ट लिहिलेला मैदा मिळाला तर तो जरूर घ्या. चवीला त्याच्या जवळ दुसरं काहीच जात नाही. मी तो दोनदा वापरला, दोन्ही वेळा डो अगदी खऱ्यासारखा झाला. पण तो हवा तेव्हा हाताशी नसतो, आणि डो खायची इच्छा काही आठवडाभर आधी कळवून येत नाही. म्हणून घरात सहज असणाऱ्या दोन पिठांवर येतो. डब्यातले शिजवलेले छोले वाटून केलेला डोही मी करून पाहिला आहे. तो सुरक्षित असतो आणि पोटभरीचाही, पण व्हॅनिला कितीही घातलं तरी छोल्यांची चव मागून येतेच. भाजलेल्या कुकीजचाच बारीक चुरा करून त्यात लोणी आणि दूध घालणं ही युक्ती छान आहे, फक्त ती कुकीची चव झाली, डोची नव्हे.

आता बदामाचं पीठ. सोललेल्या बदामांचं, बारीक दळलेलं आणि पांढरं. पहिल्या घासाला हे जिंकतं, यात मला शंका नाही. कच्चट चव नाही, भिजत ठेवायला नको, मिसळलं की लगेच खाता येतं. साखर थोडी कमी घातली तरी चालते, कारण बदामाचा स्वतःचा गोडवा असतो. सुरक्षिततेच्या बाजूनेही ते बरं आहे. बदामाची सालं काढताना ते कढत पाण्यातून जातात. कॅलिफोर्नियात तर 2001 आणि 2004 मध्ये कच्च्या बदामांमुळे साल्मोनेलाच्या साथी आल्यानंतर, सप्टेंबर 2007 पासून तिथल्या बदामांना जंतुनाशक प्रक्रिया सक्तीची झाली. निर्यातीच्या मालाला मात्र ही सक्ती नाही, म्हणून पाकिटावर पाश्चराइज्ड असं लिहिलं आहे का ते बघून घेतलेलं बरं. सालीसकट दळलेलं पीठ मी घेत नाही. त्याचा डो करडा दिसतो आणि किंचित कडसर लागतो.

बरेच महिने मी बदामाच्याच बाजूचा होतो. मला त्यातून बाहेर काढलं ते तेलाने.

बदामात निम्मं वजन चरबीचं असतं. त्यात आपण लोणी घालतो, वरून हाताने मळतो आणि गोळे वळतो. पहिले चार-पाच गोळे सुरेख होतात. सहाव्या-सातव्यापर्यंत तळहात ऊबदार झालेले असतात आणि डो घाम फुटल्यासारखा चकाकायला लागतो. डब्यात कागद घालून गोळे ठेवले की दुसऱ्या दिवशी प्रत्येक गोळ्याखाली कागदावर पारदर्शक डाग. तळच्या थरातले गोळे तर तेलात बसल्यासारखे. फ्रीजमधून काढले की दहा मिनिटं छान, मग बुड पसरायला लागतं, कारण मैद्यात किंवा ओट्समध्ये स्टार्च असतो, तो ओल आणि चरबी धरून ठेवतो. बदामात तो नावापुरताच असतो.

मी लोणी निम्म्यावर आणलं, तर डो भुसभुशीत झाला. हात गार पाण्यात बुडवून, पुसून गोळे वळले, थोडा फरक पडला. मळणं सोडून नुसतं चमच्याने एकत्र केलं, अजून थोडा फरक पडला. एकदा चमचाभर दुधाची पावडर घातली, तेव्हा तेल बऱ्यापैकी आवरलं, पण गोळ्याला मिठाईची चव आली. पाहुण्यांसमोर ठेवलेल्या ताटलीत दर वेळी तो तेलकट वर्तुळांचा ठसा बघून मला वाईट वाटायचं. चव चांगली असूनही लोक दोन बोटांनी उचलून लगेच हात पुसायचे. एकाने तर तो चिमटीत धरून विचारलं, हा वितळतोय का? तेव्हापासून मी ओट्सकडे नव्याने बघायला लागलो.

आधी मी ओट्स बाजूला का ठेवले होते तेही सांगतो. पहिल्यांदा केलेला डो खरखरीत होता आणि लापशीसारखा लागला. चूक ओट्सची नव्हती, माझी होती. मिक्सरमध्ये दोन फेऱ्या मारून मी तेच पीठ वापरलं होतं. आता मी जाड पोह्यांसारखे दिसणारे साधे रोल्ड ओट्स घेतो, किंवा त्याहून पातळ लाटलेले, लवकर शिजणारे. भांडं अगदी कोरडं हवं. मिनिटभर थांबत थांबत फिरवतो, मग बारीक चाळणीने चाळतो, वर उरलेलं परत फिरवतो. हे पीठ बोटांमध्ये चोळलं तर मैद्याच्या जवळ जातं. कापलेले कडक ओट्स यासाठी घेऊ नका, ते कितीही दळले तरी कणी राहते.

ओट्स न शिजवता खाणं हे काही आजचं नाही. स्वित्झर्लंडमधल्या बिर्शर-बेनर या डॉक्टरांनी 1900 च्या सुमारास रुग्णांसाठी मुस्ली आणली, तिच्यातही ओट्स भिजवलेले, न शिजवलेलेच असायचे. गिरणीत ओट्सना वाफ देतात ती मुळात ते खवट होऊ नयेत म्हणून. ओट्समधलं एक विकर (एन्झाइम) चरबी फोडतं आणि कडवटपणा आणतं, ते वाफेने निकामी होतं. या प्रक्रियेत जंतूही कमी होतात, म्हणून मैद्यापेक्षा ओट्स बऱ्या स्थितीत असतात. तरीही शंभर टक्के खात्री कशाचीच देता येत नाही. त्यामुळे ओट्स असोत की तयार ओट्सचं पीठ, 'शिजवूनच खावे' असं पाकिटावर लिहिलं असेल तर ते यासाठी मी घेत नाही. मुस्ली किंवा रात्रभर भिजवून खाण्यासाठी म्हणून विकलेले ओट्स सगळ्यात बरे. आणि ज्या भांड्यात कच्चा मैदा चाळला तेच भांडं, तोच चमचा न धुता वापरू नका. सगळी काळजी तिथे वाया जाते.

माझं प्रमाण असं आहे: 120 ग्रॅम ओट्सचं पीठ, 60 ग्रॅम मऊ झालेलं लोणी, 70 ग्रॅम ब्राउन शुगर, दोन मोठे चमचे दूध, अर्धा छोटा चमचा व्हॅनिला, पाव छोटा चमचा मीठ आणि मूठभर चॉकलेटचे बारीक तुकडे. दूध उकळून गार केलेलं किंवा पाश्चराइज्ड घ्यावं. साखर आधी दुधात कालवून दहा मिनिटं ठेवतो. ओव्हनची उष्णता मिळणार नसते, त्यामुळे साखरेचे दाणे इथे विरघळले नाहीत तर शेवटपर्यंत दाताखाली येतात. मग लोणी आणि मीठ फेटायचं, पीठ घालायचं, झाकून अर्धा तास ठेवायचं. हा अर्धा तास गाळू नका. ओट्सचं पीठ ओल हळूहळू शोषतं. आधी सैल वाटलेला डो या वेळात आपोआप घट्ट होतो आणि कच्चट चवही बरीच दबते. मीठ कमी केलंत तर मात्र ती चव परत डोकं वर काढते.

ओट्सचं दुखणं बदामाच्या उलट आहे. हा डो तेल सोडत नाही, पण वेळ जाईल तसा कोरडा होत जातो. संध्याकाळी नेमका जमलेला गोळा दुसऱ्या दिवशी सकाळी चिरा पडलेला दिसतो. पण याला इलाज आहे. मी डो करतानाच दूध चमचाभर जास्त घालतो आणि तो जरा सैलच ठेवतो. तरीही सुकला तर छोट्या चमच्याने दूध शिंपडून परत वळतो, पूर्वीसारखा होतो. तेल सुटलेल्या बदामाच्या डोला असं परत आणता येत नाही. माझ्यासाठी तराजू इथेच झुकला.

कोणाला हे उलटंही वाटू शकेल. दोघा-तिघांसाठी थोडासा करून, वाटीतून चमच्याने लगेच संपवणार असाल तर तेलाचा प्रश्नच येत नाही, आणि तेव्हा बदामाचा डो जास्त श्रीमंत लागतो हे मी आजही मान्य करतो. दोन्ही पिठं अर्धी-अर्धी घेऊनही मी करतो. तेल बरंच आटोक्यात राहतं आणि ओट्सचा कोरडेपणाही कमी होतो. घरच्यांसाठी करायचा असेल तर तो चांगला मधला मार्ग आहे. बाहेरच्यांसाठी मात्र नाही, कारण सुक्या मेव्याची ॲलर्जी कोणाला आहे हे चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं, आणि मुलांच्या घोळक्यात ताटली फिरली की कोणी काय उचललं ते कळत नाही. ओट्सच्या बाबतीत विचारायचं ते ग्लूटेनचं, म्हणजे गव्हातल्या प्रथिनाचं. साधे ओट्स बहुधा गव्हाच्याच वाटेने फिरलेले असतात, त्यामुळे सिलिॲक (ग्लूटेन न चालणारा आजार) असलेल्या माणसासाठी ग्लूटेनमुक्त असं लिहिलेलंच पाकीट हवं. घरात गरोदर बाई, तान्हं मूल किंवा आजारातून उठलेलं माणूस असेल तर पाकिटावरचं वाचण्यात जराही ढिलाई नको. तिथे पीठ निवडण्यापेक्षा भाजलेल्या कुकीजच्या चुऱ्याचे गोळे मला जास्त बरे वाटतात.

गोळे सुपारीएवढे वळावेत. मोठे केले की दोनातच मन भरतं आणि तिसरा अर्धा उरतो. फ्रीजमध्ये झाकणाच्या डब्यात मी चार दिवसांपेक्षा जास्त ठेवत नाही. फ्रीजरमध्ये दोन महिने बिनघोर राहतात, फक्त आधी ताटात सुटे सुटे गोठवून मग पिशवीत भरायचे, नाहीतर सगळ्यांचा मिळून एकच दगड होतो. बाहेर काढल्यावर ओट्सच्या गोळ्याला पंधरा मिनिटं द्या. बदामाचा असेल तर पाचच, आणि ताटलीत खाली कागद ठेवा.