जुन्या बाजारातला ५६के मॉडेम: लाईन पक्की, पण रांग आवरावी लागते

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी हा सिरीयल मॉडेम (फोनच्या लाईनवरून कॉम्प्युटर जोडणारा डबा) साडेतीनशेला मिळाला. विक्रेता सोबत अडॅप्टर देत होता, तो मी घेतला नाही. मॉडेमच्या पाठीवर ९ व्होल्ट एसी छापलंय आणि त्याच्या हातात होता डीसी. घेणाऱ्यांनी हे आधी बघा.

घरातल्या छोट्या ईपीएबीएक्सच्या (घरातले फोन एकमेकांना जोडणाऱ्या एक्स्चेंजच्या) एका एक्स्टेन्शनवर हा लावला, दुसऱ्यावर माझा जुना. दोन्हीकडे लिनक्स. कनेक्शन सेकंदाला ३३,६०० बिट्सना लागलं. त्यात मॉडेमचा दोष नाही. ५६के, म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिट्स, हवं तर समोरचं टोक डिजिटल लागतं, आणि तेव्हाही तो वेग फक्त येणाऱ्या डेटाला मिळतो. तासभरात एकदाही लाईन तुटली नाही.

लाईन मोकळी असताना पिंग, म्हणजे छोटा निरोप जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, १४० मिलिसेकंदांच्या आसपास. मग तीनशे केबीचा एक फोटो पाठवायला लावला आणि पिंग अडीच सेकंदांवर गेला. कॉम्प्युटर मॉडेमला १,१५,२०० च्या वेगानं डेटा देतो, मॉडेम लाईनवर ३३,६०० नं सोडतो. उरलेलं सगळं मॉडेमच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, साचतं. १५०० बाइटचं एकच पॅकेट (डेटाचा तुकडा) लाईनवरून जायला सुमारे ०.३६ सेकंद लागतात. पुढे अशी सहा-सात उभी असली की पिंगचं चिमुकलं पॅकेट त्यांच्या मागे मुकाट थांबतं. फोटो मधेच रद्द केला, मॉडेमचा एसडी दिवा (कॉम्प्युटरकडून डेटा येतोय हे दाखवणारा) विझला, तरी पिंगचं उत्तर त्यानंतर जरा वेळानंच आलं. पोटातला माल बाहेर पडेपर्यंत मॉडेम ऐकत नाही.

२००१ मध्ये सांगलीहून अमेरिकेतल्या दादाशी चॅट करताना ईमेलला फोटो जोडला, की त्याची उत्तरं थांबायची. आई म्हणायची, 'झोपला असेल.' तो जागाच होता. आमचीच वाक्यं फोटोमागे अडकलेली असायची, हे मला आत्ता कळतंय आणि खरंच हुरहूर लागते.

उपाय दोन केले. एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, ५७६ बाइट केला, म्हणजे एका पॅकेटला ०.१४ सेकंद. नुसत्या त्यानं पिंग दोन सेकंदांच्या जरा खाली आला, बस. खरा फरक पडला तो टीसी (लिनक्समधली डेटाचा वेग आवरणारी कमांड) वापरून पाठवण्याचा वेग सेकंदाला २८ केबिट्सवर बांधल्यावर, कारण मग रांग मॉडेमच्या पोटात न लागता कॉम्प्युटरमध्ये लागते आणि तिथे लहान पॅकेटला पुढे काढता येतं. फोटो चालू असतानाही पिंग ३०० मिलिसेकंदांच्या आत राहिला. फोटोला थोडा जास्त वेळ लागला, तो मी आनंदानं दिला.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो स्पीकरसाठी: एटीएल० (आवाज कमी करायची मॉडेमची कमांड) देऊनही आवाज कमी होत नाही. रात्री जोडायचं तर एटीएम० द्या, म्हणजे स्पीकर बंदच.