सूर्याची रेघ दाखवणारं अॅप: बेळगाव-खानापूर-गोकाकच्या रेकीत वापरून बघितलं

माहितीपटांसाठी जागा बघायचं आणि परवानग्या काढायचं काम करतो. उन्हाळ्यापासून हे अॅप फोनवर आहे. नाव सांगत नाही, कारण या प्रकारातली बरीचशी सारखीच चालतात: फोन समोर धरा, निवडलेल्या तारखेची सूर्याची वाट चित्रावर उमटते.

ती ‘निवडलेली तारीख’ हाच सगळा खेळ. आपण रेकी करतो एप्रिलात, अर्ज फिरून परवानगी हातात येते जूनमध्ये, तोवर ऊन दुसऱ्याच भिंतीवर गेलेलं असतं. बेळगाव पडतं जवळपास १६ अंश उत्तर अक्षांशावर. मेच्या सुरुवातीला दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भरदुपारी तो उत्तरेकडे असतो. हिवाळाभर सावलीत राहणारी देवळाची उत्तर भिंत त्या दिवसांत उजळते. अर्थात जूनमध्ये खानापुरात ऊन मागणं हा आशावाद झाला!

अर्जातही उपयोग होतो. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या धारवाड मंडळाकडे आहे. अर्जात नुसतं ‘सकाळी’ लिहिलं की उलट प्रश्न येतात. ‘सात ते साडेआठ, ट्रायपॉड या जागी’ असं लिहून स्क्रीनशॉट जोडला की बोलणं मुद्द्यावर येतं. बस्तीच्या आत, छतातल्या दगडी कमळाखाली मात्र अॅप बिनकामाचं. तिथे प्रश्न लाइटचा, आणि तो अर्जातच सोडवायचा.

भीमगड अभयारण्यात दोन अडचणी. रेंज नाही, म्हणून नकाशा खानापुरातच उतरवून घ्यायचा. दुसरी मोठी: माझं अॅप क्षितिज सपाट धरतं. दरीत सूर्य डोंगराआड कधीच गेलेला असतो, आणि अॅप म्हणतं अजून वेळ आहे. तिथली परवानगी वन्यजीव कायद्याच्या कलम २८ खाली लागते, त्यामुळे हुकलेली संध्याकाळ परत मागणं सोपं नाही. डोंगराची कड फोनवर बघून वेळ आधीच कमी धरतो.

गोकाकच्या झुलत्या पुलावर लोखंडी दोरांजवळ होकायंत्र भरकटतं. धबधब्यासमोर, पुलापासून लांब उभं राहून बघावं.

ड्रोनसाठी याचा उपयोग शून्य. सांबरा विमानतळ जवळ असल्यामुळे ड्रोन कुठे उडवता येतो हे दाखवणारा सरकारी ‘डिजिटल स्काय’चा नकाशा वेगळा बघावाच लागतो.

फुकटच्या आवृत्तीत फक्त आजचा दिवस दिसतो. लग्नाच्या शूटला तेवढं पुरतं, परवानगीच्या कामाला पैसे भरा.