शामोनीचा माँ ब्लां मल्टिपास : छोट्या अप्रोचच्या क्लाइंबसाठी घ्यावा का?

मध्यम ग्रेडचे, म्हणजे फ्रेंच ग्रेडने ४ ते ५सी पर्यंतचे मल्टिपिच रूट (एका दोराच्या लांबीत न संपणारे, पिच म्हणजे टप्प्याटप्प्याने चढायचे) करायचेत, आल्प्समध्येच करायचेत, पण रोज पहाटे दोनला उठून मोरेनमधून, म्हणजे ग्लेशियरने आणून टाकलेल्या दगडगोट्यांतून, रूटच्या पायथ्यापर्यंत (हाच अप्रोच) तीन-चार तास तंगडतोड करायची नाहीये, असा प्लॅन असेल तर फ्रान्समधल्या शामोनीइतकी सोय फार कमी ठिकाणी आहे आणि ती सोय म्हणजे तिथल्या लिफ्ट. माँ ब्लां मल्टिपास हा त्या सगळ्या लिफ्टचा एकच पास. एग्वी द्यु मिदीची केबल कार, ब्रेव्हाँ आणि फ्लेजेरच्या लिफ्ट, मोंतांव्हेरची ट्रेन, ले तूर आणि लेझूशकडच्या लिफ्ट असं सगळं त्यात येतं. सलग दिवसांचा घेता येतो किंवा मधे सुट्टी घेऊन वापरायचा पण मिळतो. माझं रेटिंग ५ पैकी ४, एक स्टार का कापला ते पुढे येईलच.

आधी कौतुक, कारण ते मनापासून आहे. पासचा खरा फायदा फ्लेजेरच्या बाजूला आहे, मिदीला नाही, आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही, सगळे मिदीच्या नावाने पास घेतात. ले प्रा गाव साधारण १०६० मीटरवर, तिथून केबिनमध्ये बसलं की ला फ्लेजेर १८७७ मीटर, तिथून दुसरी लिफ्ट पकडली की इंडेक्सचं वरचं स्टेशन जवळजवळ २४०० मीटर. म्हणजे तेराशे मीटरची चढण बसल्या बसल्या संपली! ही एग्वी रूजची रांग, दरीच्या पलीकडे थेट माँ ब्लांसमोर, दगड नाइस (gneiss) प्रकारचा आहे, रफ आणि चांगला पकडीचा, तोंड दक्षिणेकडे-पूर्वेकडे असल्यामुळे सकाळी लवकर ऊन येतं आणि पावसानंतर कातळ पटकन सुकतो. आणि इथे ग्लेशियर क्रॉस करावं लागत नाही, त्यामुळे क्रेव्हासची (ग्लेशियरमधल्या खोल भेगांची) भानगड नाही, उन्हाळा नीट सुरू झाला की क्रॅम्पॉनचं (बुटांना लावायच्या धातूच्या काट्यांचं) ओझंही नाही.

एग्वी द लिंडेक्स (२५९५ मी) तर लिफ्टमधून उतरल्यावर समोरच उभा दिसतो, पंधरा-वीस मिनिटांत रूटच्या पायथ्याशी. त्याची साउथ-ईस्ट रिज ४सी च्या आसपास, लांबी फार नाही, वर टोकदार माथा, रॅपेल करून, म्हणजे दोरावरून उतरत, खाली. पहिल्या दिवशी हाच करावा असं माझं ठाम मत आहे, कारण पार्टनरबरोबर रोप हँडलिंग, बिले (चढणाऱ्याचा दोर सांभाळणं) बदलणं, आवाज न पोचता इशाऱ्यावर काम करणं हे सगळं इथे जमून येतं आणि काही बिनसलं तर लिफ्ट स्टेशन खाली दिसतच असतं. तोटा एवढाच की हे सगळ्यांनाच माहीत आहे. पहिल्या लिफ्टने गेला नाहीत तर प्रत्येक अँकरवर (दोर बांधून थांबायच्या जागी) दोन टीम आधीच बसलेल्या.

शापेल द ला ग्लिएरची साउथ रिज मात्र वेगळीच गोष्ट आहे, त्यासाठी मी पास घेईन, फक्त त्याच्यासाठी सुद्धा घेईन. अप्रोच अर्धा तास, साधारण तेरा पिच, अवघड जागा ५सी, आणि वरच्या भागात ती प्रसिद्ध धारदार कड, फ्रेंच लोक तिला रेझर म्हणतात, तिच्यावरून हात कडेला आणि पाय स्लॅबवर (तिरप्या सपाट कातळावर) असं सरकत जायचं, दोन्हीकडे मोकळी हवा. ग्रेड बघून सोपं वाटतं पण तेरा पिच म्हणजे तेरा वेळा अँकर, तेरा वेळा रोप ओढणं, त्यात जी टीम प्रत्येक बिलेवर पाच मिनिटं जास्त घालवते तिचा एक तासाहून जास्त वेळ तिथेच जातो. क्लाइंबिंग कमी पडत नाही, रोपचं काम कमी पडतं.

आणि इथेच मुद्दा येतो शेवटच्या लिफ्टचा. शामोनीत ट्रिप प्लॅन करताना सगळे पहिल्या लिफ्टची वेळ बघतात, माझं म्हणणं आहे उलटं करा, शेवटची लिफ्ट किती वाजता ते आधी बघा आणि तिथून मागे मोजत या. इंडेक्सची शेवटची खेप हुकली तर फ्लेजेरपर्यंत पाचशे मीटर उतरायचं, फ्लेजेरची पण हुकली तर आणखी आठशे, म्हणजे दिवसभर कातळावर काढून वर तेराशे मीटरची गुडघेमोड उतरण! एग्वी क्रोश्यूचा ट्रॅव्हर्स करणाऱ्यांनी हे जास्तच लक्षात ठेवावं. रूट सुरेख आहे, एडी मायनस (एडी म्हणजे फ्रेंच अल्पाइन ग्रेडमध्ये 'बऱ्यापैकी अवघड', मायनस म्हणजे त्यातला सोपा), लांबच लांब रिजवर बराच वेळ दोघांनी एकत्र चालत जायचं, पण तो संपतो लाक ब्लांकडे (२३५२ मी) आणि तिथून परत फ्लेजेर गाठायला चांगलं चालावं लागतं. अप्रोच छोटा म्हणजे परतीची वाट पण छोटी असं नसतं. शिवाय जूनमध्ये क्रोश्यूच्या खिंडीकडे जाणाऱ्या नाळेत बर्फ असतो, तेव्हा आइस ॲक्स लागू शकते, स्पोर्ट शूजवर जाऊ नका.

आता मिदी. केबल कार १९५५ ची, शामोनी १०३५ मीटरवरून वीसेक मिनिटांत ३८०० च्या घरात, इंजिनिअरिंग म्हणून भन्नाटच आहे, दुसऱ्या टप्प्यात मधे एकही खांब नाही. आर्त द कॉस्मिक हा एडी रूट इथला क्लासिक, स्टेशनमधून बाहेर पडायचं, अरुंद बर्फाच्या धारेवरून ग्लेशियरवर उतरायचं, वळसा घालून रिजवर चढायचं, दोन छोटे रॅपेल, एक स्लॅब ज्यात क्रॅम्पॉनच्या टोकांसाठी भोकं पाडलेली आहेत, आणि शेवटी शिडीवरून थेट टुरिस्ट लोकांच्या गच्चीत. कागदावर हा सगळ्यात छोटा अप्रोच. पण याला शॉर्ट अप्रोच रॉक क्लाइंब समजून पहिल्याच दिवशी जाणं मला पटत नाही. शरीराला उंचीची सवय नसते, डोकं दुखतं, हालचाल मंद होते, बाहेरची धार क्रॅम्पॉनवर आहे आणि घसरलं तर थांबणं कठीण. २०१८ च्या ऑगस्टमध्ये याच रिजचा काही भाग कोसळला होता, आतला कायमचा गोठलेला बर्फ वितळला की दगडांना धरून ठेवणारं काही राहत नाही, त्यामुळे कडक उन्हाळ्यात इथली कंडिशन विचारल्याशिवाय जाऊच नये. एग्वी रूजमध्ये तीनचार दिवस काढून मग मिदी, हा क्रम बरोबर. सीझनमध्ये मिदीला पास असला तरी वेळेचा स्लॉट बुक करावा लागतो हे पण बघून ठेवा.

एक स्टार कापला तो याच्यासाठी : पास दिवसांवर चालतो आणि डोंगर हवेवर चालतो. दुपारची वादळं उन्हाळ्यात नेहमीचीच, जोराचा वारा असला की मिदी बंद, आणि सप्टेंबर निम्मा उलटला की एकेक लिफ्ट मेंटेनन्ससाठी बंद व्हायला लागते. सलग दिवसांचा मोठा पास आधीच घेऊन ठेवला आणि मधे दोन दिवस पाऊस लागला तर पैसे तर जातातच, पण त्याहून वाईट म्हणजे पास वाया जातोय म्हणून माणूस खराब हवेत वर जातो. म्हणून मधे गॅप चालणारा पासच घ्या. आणि फक्त फ्लेजेरलाच जाणार असाल, मिदी नको असेल, तर त्या बाजूच्या सुट्या तिकिटांचा हिशोब आधी मांडा, पास घ्यायलाच हवा असं नाही.

पासपेक्षाही मोठी सोय फुकट आहे. चर्चच्या चौकात मेझों द ला मोंतान्यमध्ये ला शामोनिआर्द या डोंगराची माहिती देणाऱ्या संस्थेचं ऑफिस आहे, तिथे नकाशे, टोपो (रूटची रेखाचित्रं) बघायला मिळतात, वह्या असतात ज्यात आधल्या दिवशी जाऊन आलेले लोक कंडिशन लिहून ठेवतात, आणि तिथली माणसं शांतपणे ऐकून घेऊन सांगतात की तुमच्या लेव्हलला काय जमेल. पास घेण्याआधी इथे जा, नंतर नाही. त्याच इमारतीत १८२१ पासूनची कोंपनी दे गीद, म्हणजे गाइड लोकांची संघटना, गाइड लागणार असेल तर तेही तिथेच विचारता येतं.

सामानात ५० मीटरचे दोन हाफ रोप, नट्सचा सेट, मधल्या साइजचे तीनचार कॅम (दोन्ही कातळाच्या भेगेत अडकवायची साधनं), लांब स्लिंग (पट्ट्यांचे फास) भरपूर, कारण इथे टोकदार दगडांवर स्लिंग टाकूनच निम्मं प्रोटेक्शन होतं. हेल्मेट काढायचं नाही, वरच्या टीमकडून दगड येतातच. फ्रान्समध्ये डोंगरातला रेस्क्यू सरकारी आहे, पीजीएचएमची, म्हणजे डोंगरी पोलिसांची, टीम येते, नंबर ११२, पण हॉस्पिटलचा खर्च आपलाच आणि साध्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये रोप घेऊन केलेलं क्लाइंबिंग बऱ्याचदा धरत नाहीत, पॉलिसीतलं ते कलम वाचूनच निघा.

ज्यांना एकाच दिवसाची संधी आहे त्यांनी मल्टिपासच्या नादी न लागता फ्लेजेर-इंडेक्सचं रिटर्न तिकीट काढावं आणि पहिल्या लिफ्टने ग्लिएर गाठावी.