फुटबॉल की घोडे, साईट की रेसकोर्स: पैसे लावायच्या आधी हे वाच

माझा मामेभाऊ कुडाळला असतो. गेल्या आठवड्यात त्याने दोन बेटिंग साईटची नावं पाठवली, एक फुटबॉलला आणि एक घोड्यांना, त्यातल्या एकीवर ५ हजार भरलेत म्हणाला, बोनसचंही विचारलं, आणि खाली, "दादा, ह्यातली खंयची बरी?" फोनवर सांगायला गेलो तर तो मधेच "हो हो" करून ठेवून देतो म्हणून सगळं त्यालाच उद्देशून लिहून काढतोय, आणखी कोणी ठरवत असेल तर त्यालाही उपयोग होईल. माझा अनुभव काय फार मोठा नाही, मुंबईत नोकरीला होतो तेव्हा महालक्ष्मीला चार-पाच रविवार आणि देवगडला परत आल्यावर एका साईटवर दोन महिने, बास.

आधी कायद्याचं उरकतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाईन पैशाच्या खेळांवर बंदीचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. कौशल्याचा खेळ की नशिबाचा हा वादच त्यात ठेवला नाही, ड्रीम ११ सारख्यांनाही पैशाचे कॉन्टेस्ट लगेच बंद करावे लागले. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, शिवाय जाहिरात करणारा आणि पैसे फिरवणाराही अडकतो. महालक्ष्मीच्या मैदानावर तिकीट काढणं ही वेगळी गोष्ट, तिथे रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब लायसन्सवर रेस चालवतो, आणि घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे असं सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्येच म्हटलंय. म्हणजे तुझ्या दोन्ही साईट एका बाजूला आणि रेसकोर्स दुसऱ्या बाजूला, खरी तुलना ही आहे. फुटबॉलला आपल्याकडे रेसकोर्ससारखी सरळ जागाच नाही.

आता भाव, म्हणजे जिंकलास तर एका रुपयामागे किती मिळणार तो आकडा. हे तुला आंब्यावरून पटकन कळेल. साईटवरचा भाव म्हणजे मोहोर आल्यावर बाग उक्ती देऊन टाकण्यासारखं, आकडा आधी ठरतो आणि घेणाऱ्याने आपला नफा त्यात आधीच धरलेला असतो, तो तुला दिसत नाही. रेसकोर्सचा टोट म्हणजे वाशीच्या बाजारात पेटी पाठवल्यासारखं, सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये, त्यातून क्लबची कपात जाते (कराचं खाली सांगतो) आणि उरलेले जिंकणाऱ्या तिकिटांवर वाटतात. समजा विनच्या, म्हणजे पहिला कोण येणार याच्या, पूलमध्ये १ लाख जमले, २० हजार कापले, आणि जिंकलेल्या घोड्यावर १० हजारांची तिकिटं होती, तर १० रुपयाला ८० मिळणार. विक्रीची पट्टी हातात येईपर्यंत आकडा नक्की नाही, शेवटच्या दोन मिनिटांत कोणी जड पैसे टाकले तर तुझा भाव पडतो, पण कपात किती गेली ते लपून राहत नाही. (रेसकोर्सवरच्या बुकींच्या जागेत, रिंगमध्ये, लायसन्सवाले बुकीही असतात, त्यांचा भाव उक्ता.)

साईटने आत किती धरलंय ते काढता येतं, कॅल्क्युलेटर घे. मॅचचे भाव घरच्या टीमला २.१०, ड्रॉला ३.४०, पाहुण्यांना ३.६० असे असतील तर १ ला प्रत्येकाने भाग आणि तिन्ही बेरीज कर, १.०४८ येते. १ च्या वर जे काय ते साईटचं. ऐकायला कमी वाटतं ना? पण तू काय करतोस ते मला माहितेय, पाच मॅचची माळ लावतोस, पाचही बरोबर आल्या तरच पैसे, कारण १०० चे चार-पाच हजार दिसतात. अशा पाच मॅच जोडल्या की दर वेळचा तो काप एकमेकांत गुणला जातो आणि तुझ्या १०० रुपयांची सरासरी किंमत ७९ च्या आसपास उरते. टीमचं ज्ञान बिन सगळं नंतर.

आणि नियम वाच रे बाबा. १८ डिसेंबर २०२२ ची फायनल आठव, अर्जेंटिना-फ्रान्स, आपण अंगणात प्रोजेक्टर लावलेला. मेसीने कप उचलला, बरोबर? पण साईटवर मॅच कोण जिंकणार याचा हिशोब बहुतेक वेळा ९० मिनिटं अधिक इंज्युरी टाईमवर होतो, आणि तेव्हा स्कोअर होता २-२. म्हणजे तो ड्रॉ. अर्जेंटिनावर लावणाऱ्याचे पैसे गेले, कप कोण जिंकणार यावर लावणाऱ्याला मिळाले. दोन बटणं शेजारी शेजारी असतात आणि रात्री साडेअकराला कोण वाचतो?

घोड्यांच्या साईटवर वेगळीच गंमत. संध्याकाळी दिसतात त्या जास्त करून इंग्लंड-आयर्लंडच्या रेस, त्या घोड्याचा बाप कोण आणि जॉकी कोण ते तुला-मला काय ठाऊक. शेवटच्या क्षणी एखादा घोडा बाहेर काढला तर तुझ्या जिंकलेल्या पैशातून कपात होते, साईटच्या नियमात लिहिलेलं असतं, कुठेतरी खाली. महालक्ष्मीला निदान रेसच्या आधी पॅडॉकच्या कुंपणात घोडा फिरताना डोळ्याने दिसतो, घामेजलाय की शांत आहे ते कळतं, घोड्यांची माहिती असलेलं रेसकार्ड हातात असतं. फक्त पावसात जाऊ नको, तेव्हा सीझन पुण्याला असतो, मुंबईचा साधारण नोव्हेंबरनंतर. मॅच चालू असताना लावायचं लाईव्ह बेटिंग तर आपल्याकडे सोडूनच दे, तुझ्या स्क्रीनवर पेनल्टी मारायला माणूस धावतोय तेव्हा साईटवाल्याला गोल कळलेला असतो, त्यात आपलं नेटवर्क, त्यात लाईट.

बोनसबद्दल विचारलंस म्हणून सांगतो. ५ हजार भरा, ५ हजार फुकट, पण दोन्ही मिळून १० वेळा फिरवा. म्हणजे १ लाखाच्या बेट लावायच्या. वरच्या भावाने १ लाखामागे साईटला सरासरी साडेचार हजार सुटतात, झाला तुझा बोनस त्यांच्याच घरात परत.

पण मी हे सगळं बाजूला ठेवून एकच गोष्ट बघेन, पैसे बाहेर कसे येतात. आत घालायला कुठेच त्रास नसतो. माझ्या वेळी मी २ हजार भरले, ६४०० झाले, काढायला गेलो तर आधी पॅनकार्ड, मग हातात पॅनकार्ड धरून फोटो, मग फोटो अस्पष्ट आहे, मग चॅटवाला गायब. तीन आठवडे. लायसन्स म्हणे कुरासावचं, ते कॅरिबियन समुद्रातलं बेट, देवगडवरून तक्रार कुठे नेऊ, तहसीलला? रेसकोर्सवर जिंकलेलं तिकीट खिडकीत सरकवलं की नोटा बाहेर आल्या, त्यातही हरलेलीच जास्त होती ते सोड.

दुसरी खूण म्हणजे क्यूआर कोड. दर वेळी वेगळ्याच माणसाच्या नावावर पैसे जात असतील तर ती भाड्याने घेतलेली खाती असतात. त्यातल्या एकावर सायबर पोलिसांची नजर गेली की तिथून ज्यांना पैसे आले त्यांचीही खाती होल्ड होऊ शकतात. तुझं दुकानाचं खातं आहे तेच तू जोडलंयस, होय ना?

कर दोन्हीकडे आहे. लावलेल्या पैशावर जीएसटी आधी २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० झालाय, घोड्यांच्या रेसलाही. जिंकलेल्यावर ३० टक्के वेगळा. परदेशी साईट कापत नाही म्हणून तो माफ होत नाही. एवढं जाऊन रेस परवडते का? नाही परवडत, मी जायचो ते घोडे बघायला आणि खिशात ५०० घेऊन, वडापावसकट.

तर साईट दोन्ही नको. मुंबईला आलास सीझनमध्ये तर महालक्ष्मीला एक रविवार जाऊ, आणि फुटबॉल नुसता बघ.

तू भरलेल्या ५ हजारांचं म्हणशील तर आजच, एकही बेट न लावता, सगळे काढायला टाक. बोनसला हात लावला नसशील तर येतीलही. "आधी टॅक्स भरा मग पैसे सुटतील" असा मेसेज आला तर एक रुपया पाठवू नको, टॅक्स असा कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर मागत नाही. स्क्रीनशॉट काढून ठेव, १९३० ला फोन कर, आणि मामीला मी सांगणार नाही.