लंडनमध्ये बॅरिस्टर हवाय: ब्लॅकस्टोन, मेट्रिक्स, डाउटी स्ट्रीट की एसेक्स कोर्ट?

इंग्लंडच्या कोर्टात किंवा लंडनच्या लवादापुढे प्रकरण गेलं की मुंबई-पुण्याच्या कंपन्यांत पहिली चौकशी होते ती चेंबर्सच्या नावाची. नाव महत्त्वाचं आहेच, पण चेंबर्स म्हणजे फर्म नाही, हे आधी पक्कं डोक्यात असावं. तिथला प्रत्येक बॅरिस्टर स्वतःचा धंदा स्वतः करतो. जागा, क्लार्क (बॅरिस्टरांची कामं आणि फी ठरवणारा माणूस) आणि खर्च सामाईक, कमाई ज्याची त्याची. आपल्याकडे सिनिअरच्या चेंबरमधले ज्युनिअर बहुतेक त्याच्याच ब्रीफवर वाढतात, तशी ती रचना नाही.

याचा परिणाम काय होतो ते विजय मल्ल्याच्या प्रकरणात दिसलं. डिसेंबर २०१७ मध्ये वेस्टमिन्स्टर मॅजिस्ट्रेट कोर्टात प्रत्यार्पणाची सुनावणी सुरू झाली, तेव्हा मल्ल्याच्या बाजूने क्लेअर माँटगोमेरी उभ्या होत्या आणि भारत सरकारची बाजू मांडायला मार्क समर्स. दोघंही मेट्रिक्सचे. ब्रेक्झिटच्या दोन गाजलेल्या खटल्यांतही (निकाल २०१७ आणि २०१९ चे) सरकारला कोर्टात खेचणाऱ्या जीना मिलर यांच्यातर्फे लॉर्ड पॅनिक आणि सरकारतर्फे जेम्स ईडी लढले. दोघंही ब्लॅकस्टोनचे. तेव्हा समोरच्याने आधीच त्या चेंबर्सचा माणूस घेतलाय म्हणून तो दरवाजा आपल्याला बंद, असं कोर्टकचेरीत होत नाही. लवादात मात्र होऊ शकतं. त्याकडे पुढे येतो.

आता एकेक चेंबर्स.

ब्लॅकस्टोन लंडनच्या टेंपल या वकिलांच्या भागात आहे. सार्वजनिक कायदा, व्यापारी वाद, नोकरीविषयक कायदा आणि खेळ हे त्यांचे खांब. सरकारी निर्णयाला किंवा नियामकाच्या आदेशाला आव्हान द्यायचं असेल, किंवा कंपनीच्या बड्या अधिकाऱ्याशी फाटलं असेल, तर माझ्या यादीत हे नाव पहिलं. सरकारच्या बाजूने आणि सरकारविरुद्ध, दोन्हीकडून लढणारे लोक एकाच छताखाली असल्याने समोरचा काय म्हणेल याचा अंदाज त्यांना लवकर येतो. आपल्याकडच्यांना हे चेंबर्स माहीत असतं ते नागपूरच्या हरीश साळवे यांच्यामुळे. साळवे भारताचे माजी सॉलिसिटर जनरल, आणि २०२० मध्ये इंग्लंडच्या कोर्टांसाठी क्वीन्स कौन्सेलही (वरिष्ठ बॅरिस्टर, बोलीत ‘सिल्क’) झाले. पण कुलभूषण जाधव यांच्या खटल्यातली त्यांची एक रुपया फी आठवून कोणी ब्लॅकस्टोनच्या क्लार्कला फोन करणार असेल, तर त्याने आधी खुर्चीत नीट बसून घ्यावं.

मेट्रिक्स २००० साली सुरू झालं. मानवी हक्क कायदा इंग्लंडमध्ये लागू झाला तेच वर्ष, आणि तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्या पत्नी चेरी बूथ संस्थापकांपैकी एक, त्यामुळे सुरुवातीला राजकीय गवगवा बराच झाला. जुन्या रिवाजांना त्यांनी ठरवून फाटा दिला. क्लार्क हे पद ठेवलं नाही, प्रॅक्टिस मॅनेजर ठेवले. पत्ता ग्रेज इनचा, म्हणजे डॉ. आंबेडकर जिथून बॅरिस्टर झाले तेच इन (बॅरिस्टरांची जुनी संस्था). प्रत्यार्पण, आर्थिक गुन्हे, माध्यमं, नोकरी आणि सार्वजनिक कायदा ही त्यांची क्षेत्रं. मानवी हक्कांचं चेंबर्स म्हणून त्यांना गरिबांचे वकील समजू नये. गुन्हेगारी कायदा आणि बडा पैसा जिथे एकत्र येतात, तिथे यांची पकड भल्याभल्या व्यापारी चेंबर्सपेक्षा घट्ट आहे.

डाउटी स्ट्रीट हे नाव रस्त्याचंच, आणि त्याच रस्त्यावर चार्ल्स डिकन्सचं घर-संग्रहालय आहे. चेंबर्सची स्थापना १९९० ची. जेफ्री रॉबर्टसन संस्थापक, कीर स्टार्मर सुरुवातीच्या सदस्यांपैकी, अमाल क्लूनी आजच्या सर्वांत परिचित. इथल्या कामाचा कस बघायचा तर १९९३ चा प्रॅट आणि मॉर्गन खटला बघावा. जमैकात वर्षानुवर्षं फाशीच्या कोठडीत ठेवलेल्या दोघांसाठी रॉबर्टसन लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे जमैकाच्या शेवटच्या अपील कोर्टापुढे, लढले. शिक्षेनंतर पाच वर्षांहून जास्त काळ टांगतं ठेवून मग फाशी देणं हे अमानुष ठरण्याची शक्यता प्रबळ, असं कौन्सिलने म्हटलं आणि कॅरिबियनमधल्या कितीतरी कैद्यांचे जीव वाचले. तुरुंग, आश्रय, पत्रकारांवरचे खटले, कोठडीतले मृत्यू यांत त्यांचा हात धरणारं क्वचितच कोणी. व्यापारी करारासाठी मी इथे जाणार नाही.

पण प्रत्यार्पणात मेट्रिक्स की डाउटी स्ट्रीट, हा खरा पेच आहे. माझं उत्तर मुद्द्यावर अवलंबून. कर्जाची कागदपत्रं, बँकेची फसवणूक झाली की नाही, पुरावा ग्राह्य की अग्राह्य, अशी लढाई असेल तर मेट्रिक्स. कैद्याची प्रकृती आणि तुरुंगाची अवस्था हाच बचाव असेल तर डाउटी स्ट्रीट. नीरव मोदीचं अपील लंडनच्या हायकोर्टात आलं तेव्हा मुद्दा मानसिक आजार आणि आत्महत्येच्या धोक्याचा होता, आणि त्याच्यातर्फे उभे राहिले डाउटी स्ट्रीटचे एडवर्ड फिट्झजेराल्ड. अपील नोव्हेंबर २०२२ मध्ये फेटाळलं गेलं, पण त्या मुद्द्यासाठी माणसाची निवड बरोबर होती. अर्थात रेघ इतकी सरळ कधीच नसते. मल्ल्याच्या खटल्यातही आर्थर रोडची बारा नंबरची बॅरेक आलीच. तिथे सूर्यप्रकाश पोचतो का, हे पाहायला न्यायाधीशांनी चित्रफीत मागवली होती.

एसेक्स कोर्ट चेंबर्सचा पत्ता आज लिंकन्स इन फील्ड्स, आणि सिंगापुरातही बस्तान. जहाज, विमा, मालाचा व्यापार, बँका आणि सगळ्यात वर आंतरराष्ट्रीय लवाद. करारात लवादाचं कलम असेल तर बाकीची तीन नावं बाजूला ठेवून इथून सुरुवात करावी. ब्रिक कोर्ट, फाउंटन कोर्ट आणि वन एसेक्स कोर्ट ही त्यांच्या तोडीची. नावातल्या साम्यामुळे एसेक्स कोर्ट आणि वन एसेक्स कोर्ट यांची गल्लत होते. ब्रीफ पाठवताना पत्ता दोनदा वाचा.

मघाशी अर्धवट सोडलेला लवादाचा धोका याच चेंबर्सशी निगडित आहे. क्रोएशियाची सरकारी वीज कंपनी विरुद्ध स्लोव्हेनिया, असा एक लवाद होता. सुनावणी तोंडावर आल्यावर स्लोव्हेनियाने सांगितलं की आमच्या चमूत आणखी एक बॅरिस्टर आहे. तो एसेक्स कोर्टचा निघाला आणि लवादाचे अध्यक्षही त्याच चेंबर्सशी जोडलेले. लंडनच्या माणसाला यात काहीच खटकलं नसतं. क्रोएशियाच्या कंपनीला खटकलं, आणि मे २००८ मध्ये लवादाने त्या बॅरिस्टरला काम करण्यास मनाई केली. म्हणून लवादाच्या प्रकरणात लवाद कोण आणि त्यांचं चेंबर्स कोणतं, हे बघूनच बॅरिस्टर ठरवावा, आणि ठरवल्यावर लगेच कळवून टाकावं.

वकिलांच्या डिरेक्टऱ्यांतल्या क्रमवाऱ्यांवर मी फार जात नाही. त्यांच्यासाठी माहिती बऱ्याच अंशी चेंबर्स स्वतःच पाठवतात. पहिल्या दोन पायऱ्यांवरचं नाव म्हणजे माणूस तयारीचा, इतकाच अर्थ घ्यावा. नावाने खटला जिंकता येत नाही हे लोकमान्यांनीही अनुभवलं. ब्रिटिश पत्रकार चिरोल याच्यावरच्या बदनामीच्या दाव्यात १९१९ साली टिळकांनी सर जॉन सायमन यांच्यासारखा बडा बॅरिस्टर दिला. समोर एडवर्ड कार्सन होते, आणि टिळक हरले. (हेच सायमन १९२८ मध्ये कमिशन घेऊन आले आणि काळे झेंडे बघून गेले.)

व्यवहाराचं थोडं. कॅब-रँक नावाचा नियम आहे. आपल्या क्षेत्रातलं काम, वेळ मोकळा आणि फी योग्य असेल तर अशील आवडत नाही म्हणून बॅरिस्टर नकार देऊ शकत नाही. पण हा नियम भारतीय वकिलाने थेट पाठवलेल्या ब्रीफला लागू नाही. २००४ पासून सामान्य माणूसही थेट बॅरिस्टरकडे जाऊ शकतो. तिथेही या नियमाचं संरक्षण नसतं आणि दाव्याची कागदोपत्री धावपळ बहुधा स्वतःच करावी लागते. मोठं प्रकरण असेल तर लंडनचा सॉलिसिटर (अशिलाची कागदपत्रं सांभाळून बॅरिस्टर नेमणारा वकील) मधे ठेवा. खर्च वाढतो, पण नियम आपल्या बाजूने राहतो.

फीची घासाघीस बॅरिस्टरशी करायची नसते, ती क्लार्कशी. आणि क्लार्कला नुसतं सिल्कचं मानधन विचारून फोन ठेवू नका. लेखी युक्तिवादाचा पहिला मसुदा कोणता ज्युनिअर लिहिणार, गेल्या दोन वर्षांत त्याने या विषयात काय केलंय, आणि सिल्क दुसऱ्या खटल्यात अडकला तर बदली कोण, ही तीन उत्तरं ईमेलवर मागून घ्या.